पोराच्या मापाचा नंदीबैल

(कामरगाव, ता. कारंजा, जि. वाशीम येथे अंगणवाडी सेविका, आशाताई, पालक आणि सुतारकाम करणारे कारागीर यांच्या मेळाव्यात एका विशेष शिक्षिकेने केलेले भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मी आज एक पोतं घेऊन आले आहे. भाषण लहान आणि पोतं मोठं, असं ठरवूनच आले. त्यात काय आहे ते एकेक करून बाहेर काढते. पण आधी हा जो माझ्या शेजारी उभा आहे, त्याची ओळख करून देते. हा लाकडी नंदीबैल. तान्ह्या पोळ्याला असे नंदी आपल्या वऱ्हाडात घरोघरी निघतात. याला मात्र मागे दोन उभ्या दांड्या आहेत आणि पोटात वीट आहे. ती वीट तिथे का गेली, हीच आजची गोष्ट.

मी विशेष मुलांची शिक्षिका. या भागातली गावं, तांडे, पारधी बेडे अशी हिंडते. चार वर्षांपूर्वी आंध समाजाच्या एका घरात सहा वर्षांचा मुलगा भेटला. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. म्हणजे बाळ पोटात असताना, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच मेंदूच्या काही भागाला इजा होते, आणि मग हातापायांवर मेंदूचा ताबा नीट राहत नाही. हा कुणाचा शाप नाही, आईने ग्रहणात काही चिरलं म्हणून झालेलं नाही, आणि हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. या मुलाचे दोन्ही पाय ताठ, डावी मूठ वळलेली, बोलणं अडखळत. पण समज चांगली. आपल्याबद्दल घरात काय बोलतात ते त्याला सगळं कळायचं.

पहिल्याच भेटीला मी त्याच्यासाठी शहरातून एक महागडं खेळणं नेलं. बटण दाबलं की दिवे लागतात, गाणं वाजतं. पुढच्या महिन्यात गेले, तर ते पिशवीत बांधून खुंटीला टांगलेलं. आई म्हणाली, "मॅडम, लय महागाचं हाय ते. पोरगा तोडून टाकन." मला मनातून राग आला. मी ते खाली काढून त्याच्यापुढे ठेवलं, तेव्हा माझी चूक मला दिसली. बटण बोटाच्या पेराएवढं. याला बोट सुटं करता येत नाही, तो सगळा पंजा आपटायचा. पंजा लागला की खेळणं पुढे घसरायचं. ते धरायला वाकला की तोल जायचा. तीनदा पडला आणि मग त्याने भिंतीकडे तोंड केलं. आईला हे रोज बघवत नव्हतं, म्हणून ती पिशवी खुंटीवर गेली होती. खेळणं चांगलंच होतं, पण ते दुसऱ्याच कुणाच्या हाताच्या मापाचं होतं.

श्रावण सरत आला होता, पोळा जवळ आला होता. मी त्याला विचारलं, "तुला काय पाहिजे रे?" हा प्रश्न खरं तर मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. त्याने बराच वेळ घेतला. मग म्हणाला, "मले बी बैल ओढाचा हाय."

तान्ह्या पोळ्याला सगळी पोरं नंदी ओढत दारोदार जातात, बोजारा मागतात, शिंगांवरून, झुलीवरून भांडतात. हा दर वर्षी आजीच्या मांडीवर बसून बघायचा. लोक त्याला बसल्या जागी पैसे आणून द्यायचे, आणि तो ते फेकून द्यायचा.

मी कागदावर चित्र काढलं. नंदीला खाली रुंद पाट, पाटाला चार चाकं, मागे धरायला दांडी. ती धरून पोराने उभं राहायचं आणि पुढे ढकलायचं. एका कारागिराकडून करून घेतलं. दिसायला देखणं झालं, चाकं गुळगुळीत फिरायची. मुलाला उभं केलं, त्याने दांडीवर भार टाकला आणि नंदी सुसाट पुढे गेला. पोरगा हनुवटीवर आपटला. रक्त आलं. वडील फार शांत माणूस. ते एवढंच म्हणाले, "राहू द्या मॅडम. आम्हाले सवय झाली हाय."

ते वाक्य मला आजही आठवतं. त्या दिवशी मी घरी जायला निघाले होते. आजोबा ओट्यावर बसून सगळं बघत होते. त्यांनी हाक मारली. म्हणाले, "पोरगा वढते कसा? वढाले मांगं पाहा लागते. आपण वखर वढतो का? बैल पुढं, माणूस मांगं, हात रुमण्यावर. अन् रुमणं दाबून धरा लागते."

सगळं गणित त्या बोलण्यात होतं. दोरीने नंदी ओढायचा तर एक हात मागे, मान वळलेली, पाय पुढे. ज्याचा तोल कच्चा आहे त्याला हे जमणारच नाही. पण वखर हाकणारा माणूस पुढे बघतो, दोन्ही हात रुमण्यावर असतात आणि अंगाचा भार खाली जातो. शिवाय पोरं बैल ओढतात. हाकतो तो शेतकरी. पोराला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

मग आजोबा आणि मी कामाला लागलो. आधी मुलाला फिजिओथेरपिस्टकडे नेलं. त्याला उभं करणं योग्य आहे का, किती वेळ, पायाला आधार लागेल का, हे त्यांनी तपासलं. ही पायरी कुणी गाळू नका. पाय उभं राहण्याच्या तयारीचे नसतील तर असं खेळणं अपाय करतं. दांड्यांची उंची त्यांच्यासमोर ठरवली: मूल सरळ उभं असताना कोपर किंचित वाकलेलं राहील एवढी. पाट आणखी रुंद केला, म्हणजे कलंडणार नाही. नंदीच्या पोटात वीट बसवली, म्हणजे भार खाली राहील आणि तो पळणार नाही. चाकांवर सायकलची जुनी ट्यूब चढवली, म्हणजे ती मातीत थोडी अडत अडत चालतील. दांड्यांवर चिंध्या गुंडाळून वरून ट्यूब बसवली, कारण वळलेल्या मुठीला बारीक काठी धरता येत नाही, लाटण्याएवढी जाड धरता येते. आणि दांड्या बोल्टने जोडल्या. का, तर दिवाळीनंतर हे कुटुंब वीटभट्टीवर जातं. टेम्पोत भांडी, सरपण, कोंबड्या भरल्यावर जी जागा उरते तेवढ्यातच खेळणं मावायला हवं. घरच्या माणसांच्या जगण्याचंही माप खेळण्याला लागतं, हे मला त्या बोल्टांनी शिकवलं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तो आपल्या दारापासून शेजारच्या कडुलिंबापर्यंत गेला. वडील मागे हात धरून चालत होते. तिथे बसला, दम खाल्ला, परत आला. त्याला बक्षीस मिळालं नाही. एका पोराने त्याला सांगितलं, "तुह्या नंदीचे शिंगं वाकडे हायेत." याने उलट उत्तर दिलं. दोघांचं भांडण झालं. त्याची आई दारात उभी राहून हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. सहा वर्षांत पहिल्यांदा गावातलं एखादं पोर तिच्या मुलाशी बरोबरीने भांडलं होतं.

आता खोटी आशा लावायची नाही म्हणून सांगते. तो मुलगा आज धावत नाही. दहा वर्षांचा आहे, शाळेत व्हीलचेअरवर जातो, घरात नंदीसारख्याच आधाराने चार पावलं चालतो. खेळण्याने सेरेब्रल पाल्सी बरी होत नाही. व्यायाम, पायाचे आधार, डॉक्टरांची भेट हे सगळं चालूच ठेवावं लागतं. पण मूल ज्याच्यासाठी धडपडतं ते खेळणं समोर असलं, की तोच व्यायाम आईला जबरदस्तीने करवून घ्यावा लागत नाही.

आता पोतं उघडते. कुठल्याही मुलासाठी खेळणं करण्याआधी मी तीन गोष्टी बघते: ते बसतं कसं, त्याचा हात काय करू शकतो, आणि त्याला काय हवं आहे.

बसणं आधी. तोल सांभाळण्यात दोन्ही हात गुंतलेले असतील तर खेळायला हात उरतच नाहीत. हा बघा जुन्या पँटचा पाय. यात चिंध्या गच्च भरल्या, दोन्ही तोंडं शिवली. घोड्याच्या नालासारखा वाकवून मुलाच्या कमरेभोवती ठेवला की बाजूंनी आधार मिळतो. भिंतीचा कोपरा आणि घडी केलेली वाकळ यांचाही आधार होतो. पाय लोंबकळते ठेवू नका, खाली पाट द्या.

मग हात. ही परात. हिच्या काठामुळे चेंडू लांब पळत नाही. खाली ओलं फडकं टाकलं की परात सरकत नाही. हा खुळखुळा, दांडी जाड केलेला. ही बाटली, आत चिंचोके, झाकण चिकटवून वरून कापड शिवलेलं. ज्याला नीट दिसत नाही त्याच्यासाठी ही आवाज करते. थोडंफार दिसत असेल तर खेळण्याला काळा आणि पिवळा रंग द्या, ऑटोरिक्षासारखा. फिके रंग एकमेकांत मिसळून जातात. हा अष्टचंग्याचा पट. रेघांवर सुतळी चिकटवली आहे, बोटाने घर कळतं. एका बाजूच्या कवड्या गुळगुळीत, दुसऱ्या बाजूचे चिंचोके खरबरीत कागद लावलेले. पूर्ण अंध मुलगी आपल्या भावाला यावर हरवते, आणि भाऊ चिडतो. चिडू द्यावा.

तिसरी गोष्ट, त्याला काय हवं आहे. इथे माझी दुसरी चूक सांगते.

सिकलसेल तुम्हाला नवा नाही. विदर्भात या आजाराची घरं गावोगाव आहेत, आदिवासी समाजात जास्त. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं-सांधे असह्य दुखतात. थंडी, पाणी कमी पिणं, ताप, फार दमणं यांनी दुखणं उठतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये सिकलसेलचाही समावेश आहे. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत आदिवासी भागांत ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी करायचं ठरलं. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी तपासणी करा, हे मी जिथे जाते तिथे सांगते.

अशीच आठ वर्षांची एक मुलगी. वारंवार दवाखान्यात भरती, सुईची भीती एवढी की दवाखान्याचं फाटक दिसलं की अंग आक्रसून घ्यायची. मी तिच्यासाठी आईच्या जुन्या लुगड्याची बाहुली शिवली. हाताला सलाईनची पट्टी, गळ्यात तिच्यासारखाच ताईत. मला वाटलं, आपल्यासारखीच आजारी बाहुली बघून तिला धीर येईल. तिने बाहुली हातात घेतली, पट्टी ओरबाडून काढली आणि बाहुली कोपऱ्यात टाकली.

जगात काही मुलांना आपल्यासारखी बाहुली हवी असते, हेही खरं आहे. इंग्लंडमध्ये २०१५ साली काही पालकांनी 'टॉय लाइक मी' नावाची मोहीम उघडली. कानात यंत्र असलेली, चाकाच्या खुर्चीत बसलेली खेळणी दुकानात का नाहीत, असं त्यांनी कंपन्यांना विचारलं. प्रश्न रास्तच होता. पण आमच्या या मुलीला आणखी एक आजारी पोर नको होतं. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "मी सुई देईन." मग मी सुई नसलेली प्लास्टिकची नवी पिचकारी, कापूस, पट्ट्या आणि पांढऱ्या कापडाचा एक झगा असा डबा तिला करून दिला. तिने बाहुलीला सुई दिली, आजीला दिली, मला चार वेळा दिली. प्रत्येक वेळी आधी म्हणायची, "आता थोडं दुखन हां, मी तीन मोजते." पुढच्या भरतीच्या वेळी तिने नर्सबाईंना तसंच सांगितलं, तीन मोजून द्या. त्या बाईंनी तीन मोजले. पोर रडली, पण हात ओढून घेतला नाही.

त्याच डब्यात दहा चिंचोके आणि दोन वाट्या आहेत. पाण्याचा पेला प्यायला की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. दिवसाला किती पेले, ते डॉक्टर सांगतात. हे काम ती आता स्वतः करते, आईला मागे लागावं लागत नाही. अशा मुलांसाठी थंड पाण्यातले खेळ, दमछाक करणारी शर्यत टाळा. पोटातली प्लीहा वाढलेली असेल तर पोटाला मार लागणारे खेळही नकोत. पण "तू खेळू नको" एवढंच सांगून सोडू नका. बसून खेळायचा खेळ त्याच वेळी हातात द्या.

आता जपायच्या गोष्टी. २०२१ सालापासून बाजारातल्या खेळण्यांवर आयएसआयचं चिन्ह असणं सक्तीचं आहे. घरी केलेल्या खेळण्याला कुणी चिन्ह देणार नाही, तिथे आपणच तपासनीस. तीन वर्षांखालच्या मुलाला सव्वा इंचाच्या भोकातून जाईल असा सुटा तुकडा देऊ नका. तो घशात अडकू शकतो. आणि आपल्या मुलांच्या बाबतीत वय बघू नका, सवय बघा. दहा वर्षांचं मूल तोंडात वस्तू घालत असेल तर त्यालाही हाच नियम. घड्याळातले चपटे बटणसेल मुलांपासून लांब ठेवा. गिळला तर काही तासांत अन्ननलिका जळते, तशाच पावली दवाखाना गाठा. घराला लावायचा उरलेला रंग खेळण्याला लावू नका, त्यात शिसं असू शकतं. गेरू, हळद पुरे. फिट येणाऱ्या मुलाला लुकलुकणाऱ्या दिव्यांचं खेळणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. लाकडाच्या कडा घासून गोल करा आणि आपल्या गालावरून फिरवून बघा.

कुणी म्हणेल, हे गावात कसं व्हायचं? ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं आपल्या अमरावतीत राहिल्या होत्या. पुढे त्यांनी आणि अनुताई वाघांनी आधी बोर्डीला आणि १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. शहरातली महाग साधनं तिथे परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, पानं, शंख-शिंपले, माती यांतून साधनं उभी केली आणि मुलं येत नाहीत तर अंगणवाडी त्यांच्या अंगणात नेली. आपल्याकडे पऱ्हाटी आहे, तुराटी आहे, ज्वारीची धांडं आहेत, काळी माती आहे, पांगाऱ्याचं हलकं लाकूड आहे. बिबा तेवढा वापरू नका, अंगावर फोड येतात.

आणि एक गोष्ट दूरची. स्वीडनमध्ये १९६३ साली स्टॉकहोमला दिव्यांग मुलांसाठी लेकोटेक नावाची खेळण्यांची लायब्ररी सुरू झाली. पुस्तक न्यावं तसं खेळणं घरी न्यायचं, मूल मोठं झालं की परत आणायचं, मग ते दुसऱ्याकडे. आपल्याला इमारत नको. प्रत्येक अंगणवाडीत एक पत्र्याची पेटी आणि एक वही पुरे. वहीत लिहायचं: कुणासाठी केलं, माप काय, काय जमलं, काय फसलं. फसलेलं नक्की लिहा, म्हणजे दुसऱ्या पोराची हनुवटी फुटणार नाही.

अंगणवाडीताईंना एक विनंती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतं. पथक येईल त्या दिवशी घरात मागे ठेवलेलं पोर आधी पुढे आणा. त्याची नोंद झाली की पुढच्या उपचाराचा रस्ता उघडतो. खेळणं त्या रस्त्याला पर्याय नाही.

शेवटचं. हा नंदी आता त्या मुलाला ठेंगणा झाला. शेजारच्या गावात पाच वर्षांची एक मुलगी आहे, तिचे पाय तसेच ताठ आहेत. थेरपिस्टने तपासून उभं करायला हरकत नाही म्हटलं आहे. आजोबा आज करवत घेऊन आले आहेत, ते बघा, खांबाजवळ बसले आहेत. भाषण संपलं की तिच्या मापाने या दांड्या ते दोन बोटं कापतील. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी जवळ येऊन बसा. पोरगा नंदी द्यायला तयार आहे, पण त्याची एक अट आहे. शिंगांचा रंग बदलायचा नाही. वाकडीही तशीच ठेवायची.

मी त्याला तसा शब्द दिला आहे. आता मी थांबते. आजोबा, या पुढे.